जुनी मिरर होडी पुन्हा पाण्यात आणताना: कप्पे, टेप आणि सुटे भाग

ब्रिटनमधल्या तलावाकाठी, खाडीतोंडी, कुणाच्या तरी घरामागच्या गवतात उलटी पडलेली एक बोथट नाकाची लाकडी होडी हमखास दिसते. लांबी ३.३० मीटर, रुंदी १.३९ मीटर, शिडं लाल. ही मिरर. आजवर ७० हजारांहून जास्त बांधल्या गेल्या आणि त्यातल्या कितीतरी घरच्या गॅरेजमध्ये, स्वयंपाकघराला लागून असलेल्या पडवीत, हौशी माणसांनी बांधल्या. म्हणूनच जुनी मिरर फारच थोड्या पैशांत मिळते, आणि म्हणूनच दोन मिरर आतून कधीच सारख्या नसतात. इंग्लंड-आयर्लंडमध्ये राहणाऱ्या अनेक मराठी कुटुंबांना मुलांसाठी पहिली होडी म्हणून हिचा मोह होतो. तो योग्यच आहे. फक्त घेतल्यावर पहिल्याच शनिवारी रंगाचा डबा उघडू नका. मिररचं दुखणं रंगाखाली आणि तिला तरंगत ठेवणाऱ्या हवेच्या बंद कप्प्यांच्या आत असतं. आधी कप्पे उघडायचे, मग सांधे, रंग सगळ्यात शेवटी.

तिचा जन्म कसा झाला ते दुरुस्तीआधी कळलं पाहिजे

टीव्हीवर घरगुती सुतारकाम शिकवणारे बॅरी बकनेल यांनी एक सोपी होडी आखली. रेसच्या होड्यांचे नामांकित आरेखक जॅक होल्ट यांनी तिला नीट आकार दिला. ‘डेली मिरर’ या वर्तमानपत्राने ती पुरस्कृत केली आणि जानेवारी १९६३ मध्ये लंडनच्या बोट शोमध्ये लोकांसमोर आणली. होडीचं नाव आणि शिडांचा लाल रंग या वर्तमानपत्राकडून आला. लेस्टरच्या बेल वूडवर्किंगने कापलेल्या प्लायच्या तुकड्यांचा संच ६३ पौंड ११ शिलिंगला मिळत असे.

बांधणीची पद्धत शिवण्याची. प्लायच्या फळ्यांच्या कडांना भोकं पाडायची, तांब्याच्या तारेने त्या एकमेकींना टाचायच्या, सांध्यावर काचतंतूची पट्टी म्हणजे ग्लास टेप ठेवून रेझिनने, म्हणजे हार्डनर मिसळल्यावर घट्ट होणाऱ्या चिकट द्रवाने, चिकटवायची. आपल्या किनाऱ्यावरही शिवलेल्या जहाजांची जुनी परंपरा आहे. गोव्यात बांधलेलं आणि मे २०२५ मध्ये कारवारला नौदलात दाखल झालेलं ‘कौंडिण्य’ हे त्याच परंपरेतलं. फरक मोठा आहे, तो ध्यानात ठेवा: ‘कौंडिण्य’मध्ये काथ्याची शिवण कायम भार घेते, मिररमध्ये तार फक्त रेझिन घट्ट होईपर्यंत फळ्या धरून ठेवते. त्यानंतर सगळा जोर टेपवर असतो. टेप सुटली की होडी सुटली.

आणि ती सुटते. सुरुवातीच्या संचांत पॉलिएस्टर रेझिन असे. ते काचेला छान धरतं, लाकडाला मात्र वरवर. तीस-चाळीस वर्षं ओल आत-बाहेर होत राहिली की टेपची कडा उचलते, तिच्याखाली पाणी राहतं आणि पाण्याखाली प्लाय काळं पडतं. अनेक होड्यांत आतले लाकडी चौकोनी ठोकळे पाण्यात कालवायच्या पावडरीच्या गोंदाने, म्हणजे युरिया-फॉर्मल्डिहाइडने, चिकटवलेले आहेत. हा गोंद ओलीने ठिसूळ होतो. नंतरच्या बांधणाऱ्यांनी इपॉक्सी, म्हणजे लाकडालाही घट्ट धरणारं रेझिन, वापरलं. त्या होड्या वेगळ्याच टिकतात. पुढे फायबर आणि फोमच्या थरांतल्या मिररही निघाल्या. त्यांच्या दुरुस्तीचा हा लेख नाही.

शिडावरचा क्रमांक पाहून वय ठरवू नका, शिडं होडी बदलतात. लाकडावर कोरलेला क्रमांक शोधा आणि मोजमापाचा जुना दाखला मागून घ्या. क्रमांक जितका लहान तितकी होडी जुनी, तितकी पॉलिएस्टरची शक्यता जास्त. खात्री करायची असेल तर नजरेआडच्या जागी टेपची सुटी कडा पटाशीने उचला. पॉलिएस्टर लाकडापासून स्वच्छ सुटतं, टेपच्या पाठीला लाकडाचा तंतूही लागत नाही. इपॉक्सी ओढाल तर प्लायचा वरचा पापुद्रा सोबत येतो.

घेण्याआधी: एक तास, चार साधनं

न्यायची साधनं म्हणजे टोच्या किंवा बारीक अणकुचीदार स्क्रूड्रायव्हर, टॉर्च, लाकडातली ओल मोजायचं मीटर आणि घरातले दोन वजनकाटे.

प्रथम वजन. एक काटा नाकाखाली, दुसरा शेपटीखाली, मध्ये पाटी ठेवून होडी समतोल, दोन्ही आकड्यांची बेरीज. वर्गाच्या, म्हणजे सगळ्या मिरर एका मापाच्या ठेवणाऱ्या, नियमाप्रमाणे रिकाम्या सांगाड्याचं किमान वजन ४५.५ किलो. जुन्या होडीला ५०-५२ भरलं तरी ठीक. ६० च्या पुढे गेलं तर एक तर प्लाय पाणी पिऊन बसलंय, नाही तर रंगाचे थरांवर थर आहेत. आतून-बाहेरून दिलेला रंगाचा एक हात वाळल्यावर पाऊण ते एक किलो भरतो, त्यामुळे दहा मालकांनी दिलेले दहा हात ही मोठी गोष्ट होते.

मग टोच्या. मूठ उलटी करून प्लायवर ठोकत जा. निरोगी प्लाय टणक वाजतं, कुजलेलं पुठ्ठ्यासारखं. या जागा सोडू नका: नाकाच्या आडव्या फळीचे खालचे दोन्ही कोपरे, मागच्या फळीचे खालचे कोपरे, कप्प्यांच्या बुचांभोवतीचं लाकूड, डॅगरबोर्डच्या (होडी आडवी सरकू नये म्हणून तळातून खाली घालायच्या फळीच्या) पेटीचा तळ, आणि काठावर जिथे डोलकाठीला ताणून धरणाऱ्या तारांच्या पट्ट्या स्क्रूने बसवल्या आहेत तिथलं लाकूड. कुज नेहमी खाली आणि कोपऱ्यात असते, कारण उलटी ठेवली काय, सुलटी ठेवली काय, पाणी कोपऱ्यातच साठतं. रंगाखालचा हिरवा ठिपका तांब्याच्या तारेचा असतो. त्याला घाबरू नका, पण त्याच्या आजूबाजूचा भाग मात्र टोचून बघा.

मिररमध्ये हवेचे चार कप्पे आहेत: पुढचा, मागचा आणि दोन बाजूंचे. होडी उलटली तर तिला आणि तुम्हाला तरंगत ठेवायचं काम त्यांचं. कप्प्याच्या झाकणाचा फिरकी भाग उघडा, आत नाक घाला. ओल्या गोणपाटासारखा वास आला की भाव अर्ध्यावर आणा. झाकणंच नसतील, नुसती बुचं असतील, तर आत काय आहे ते विकणाऱ्यालाही माहीत नाही असं समजा. किंमत बोलताना हीच एक गोष्ट धरून ठेवा.

पुढची फळी, मागची फळी आणि तळ तिन्हीकडे हाताच्या पंज्याएवढी कुज असेल तर ती होडी सुट्या भागांसाठी घ्या, दुरुस्तीसाठी नको. एका फळीचा कोपरा, सगळी टेप, पेटीची गळती, इतकं असेल तर तो एका हिवाळ्याचा उद्योग आहे, आणि तो करण्याजोगा आहे.

वाळवणं: इथेच बहुतेक घाई करतात

घरी आणल्यावर गोड्या पाण्याने आतून-बाहेरून धुवा, कप्प्यांच्या आतूनही. समुद्रावर चाललेल्या होडीच्या लाकडात मीठ असतं आणि मीठ हवेतली ओल ओढत राहतं; न धुता वाळवलेली होडी कधीच पुरती वाळत नाही. मग छपराखाली, बाजू मोकळ्या ठेवून, सगळी झाकणं काढून ठेवा. झाकणं नसलेल्या कप्प्याला आता १२५ ते १५० मि.मी. व्यासाचं गोल भोक पाडून झाकणाचं चौकट-कडं बसवायची तयारी करा. भोक उभ्या भिंतीत घ्या, पाय पडतो त्या वरच्या पृष्ठावर नको. आतले ठोकळे कुठे आहेत ते आधी ठोकून ओळखा. इतक्या भोकातून हात कोपरापर्यंत जातो, आणि पुढचं निम्मं काम त्याच हाताने व्हायचं आहे.

इंग्लंडच्या हिवाळ्यात नुसत्या हवेने काही होत नाही. बंद गॅरेजमध्ये हवेतली ओल ओढणारं यंत्र चार-सहा आठवडे लावा. मीटर १५ टक्क्यांच्या खाली, जमलं तर १२ पर्यंत आला की रेझिनला हात लावा. ओल्या लाकडावर लावलेलं इपॉक्सी लाकडात मुरत नाही आणि आत कोंडलेली ओल कुज चालूच ठेवते. कुजक्या जागेवर पातळ ‘आत मुरणारं’ रेझिन ओतून ती कडक करण्याची सूचना तुम्हाला हमखास कोणीतरी देईल. कडक होतं हे खरं, पण तंतू मेलेलेच असतात. भार घेणाऱ्या जागी ते चालत नाही. कापून काढा.

टेप बदलणं

सगळी टेप काढायची गरज नसते. पटाशीच्या टोकाने दर १० सें.मी. वर कडा उचलून बघा आणि जिथे घट्ट आहे तिथे पेन्सिलीने खूण करून ठेवा. सुटी टेप हीटगनने जेमतेम मऊ करून खरवडणीने ओढा. प्लाय तपकिरी पडू लागलं तर उष्णता जास्त झाली. घट्ट टेपची कडा घासून उतरती करा, म्हणजे नवी टेप तिच्यावर ५ सें.मी. चढवता येते. इपॉक्सी जुन्या पॉलिएस्टरवर, पृष्ठभाग खरखरीत केला तर, धरतं. पॉलिएस्टर इपॉक्सीवर धरत नाही. म्हणून एकदा इपॉक्सीवर आलात की परत मागे फिरायचं नाही.

१९६०-७० च्या दशकांतल्या रंगात शिसं असू शकतं. दुकानात मिळणाऱ्या पट्टीने तपासा, आणि असेल तर पाण्याने ओलं करूनच घासा. काचेची धूळ घशात जाऊ नये म्हणून चांगल्या प्रतीचा धूळरोधक मास्क लावा. इपॉक्सी घट्ट होण्याआधी कातडीला लागता कामा नये, नायट्राइलचे हातमोजे घाला, आणि लागलंच तर थिनरने पुसू नका, साबणाने धुवा. थिनर ते कातडीत आणखी आत नेतं. इपॉक्सीची ॲलर्जी एकदा जडली की आयुष्यभर राहते आणि मग स्वतःच्या होडीचं काम स्वतः करता येत नाही.

साहित्याचा हिशेब. ५० मि.मी. रुंद, चौरस मीटरला सुमारे २०० ग्रॅम वजनाची विणलेली ग्लास टेप. सांध्याच्या आत गोलाई भरून वर टेप लावायला मीटरमागे ४० ते ५० ग्रॅम रेझिनचं मिश्रण लागतं. तळाच्या मधला सांधा आणि तळ-बाजूंचे दोन सांधे मिळून आतून साधारण १० मीटर होतात, तितकेच बाहेरून. फळ्यांचे आडवे सांधे आणि कप्प्यांच्या भिंती धरल्या तर पूर्ण होडीला ३० मीटर टेप आणावी. रेझिन दीड किलो टेपसाठी, वर सारवणाला आणि वाया जाण्याला आणखी किलोभर.

आता क्रम:

१. सांधा ८० नंबरच्या पॉलिश पेपरने उघड्या लाकडापर्यंत घासा, दोन्ही बाजूंना ४० मि.मी.पर्यंत. मग धूळ झटकून ॲसिटोनने पुसा आणि ते उडून जाऊ द्या.

२. इपॉक्सी आणि हार्डनर डब्यावर लिहिलेल्या प्रमाणातच मिसळा. प्रमाण वजनाचं आहे की मापाचं ते वाचा, दोन्ही एक नसतात. फायबरचं काम केलेल्यांना पॉलिएस्टरमध्ये हार्डनर कमी-जास्त करून वेग बदलायची सवय असते. तिथे हार्डनर फक्त क्रिया सुरू करतो. इपॉक्सीत तो स्वतःच रेणूंचा भाग होतो, म्हणून जास्त घातलात की जास्तीचा भाग तसाच मोकळा राहून सांधा चिकट आणि मऊ राहतो. वेग बदलायचा तर हार्डनरचा प्रकार बदला.

३. एका वेळी १००-१५० ग्रॅमच मिसळा आणि पसरट थाळीत ओता. खोल डब्यात मिश्रण स्वतःच्या उष्णतेने पेट घेण्याइतकं तापू शकतं.

४. लाकडाला आधी नुसतं पातळ इपॉक्सी ब्रशने पाजा, दहा मिनिटं थांबा, सुकं दिसेल तिथे पुन्हा लावा. ही पायरी गाळली तर लाकूड गोलाईतलं रेझिन शोषून घेतं आणि सांधा उपाशी राहतो.

५. उरलेल्या मिश्रणात सिलिका पावडर आणि बारीक लाकडी भुसा घालून चक्क्याइतकं घट्ट करा. चमचा उलटा धरला तरी पडता कामा नये. सांध्याच्या आतल्या कोनात भरून, १० मि.मी. त्रिज्येच्या गोल टोकाच्या पट्टीने एका दमात ओढा. काच काटकोनात वळत नाही, उचलून खाली हवा धरते. ही गोलाई त्यासाठी.

६. गोलाई ओली असतानाच टेप ठेवा, आखूड ब्रशने ठोकत भिजवा. पांढरे ठिपके म्हणजे सुकी काच. जादा रेझिन प्लॅस्टिकच्या पट्टीने ओढून काढा. त्याने ताकद वाढत नाही, वजन वाढतं.

७. दुसऱ्या दिवशी पृष्ठावर मेणासारखा ओशट थर दिसेल. घासण्याआधी तो कोमट पाणी आणि खरखरीत स्पंजने धुवा. न धुता घासलं तर तो खाचांत शिरतो आणि वरचा रंग पुढे साल निघाल्यासारखा सुटतो.

तापमान १५ अंशांच्या वर हवं, आणि लाकूड थंड होत असताना रेझिन लावणं उत्तम. सकाळी लावलं आणि मग ऊन चढलं तर लाकडातली हवा फुगून बाहेर येते आणि थरात बारीक फोड उठतात. दुपारी गॅरेज तापवा, हीटर बंद करा, संध्याकाळी काम करा.

बाहेरच्या बाजूला गोलाई लागत नाही, पण कडा ५ मि.मी. त्रिज्येने बोथट करूनच टेप लावा. आतली आणि बाहेरची टेप एकाच लांबीत एकाच वेळी कधीही काढू नका. तळाच्या फळ्या हलतात, होडी पिळते, आणि पिळलेली मिरर पुन्हा सरळ होत नाही. मीटर-मीटरचे टप्पे घ्या.

प्लायचा ठिगळ

मूळ प्लाय साधारण ५ मि.मी. चं आहे, तरी कॅलिपरने मोजा. नवं बीएस १०८८ (मरीन प्लायचं ब्रिटिश मानक) दर्जाचं ओकूमे, म्हणजे हलक्या आफ्रिकी लाकडाचं, प्लाय घ्या. शिक्क्यावर फार विश्वास नको, तुकडा तासभर पाण्यात उकळा. थर सुटले तर परत करा.

कुजेच्या कडेपासून ५० मि.मी. निरोगी लाकूड धरून लंबगोल किंवा चौकोनाच्या कोपऱ्यांना गोलाई देऊन कापा. काटकोनी कोपऱ्यातून पुढे चीर जाते. मग कडेला उतार द्या, जाडीच्या आठपट: ५ मि.मी. प्लायला ४० मि.मी. उतार येतो. बोथटलेला रंधा सरळ प्लाय फाडतो, म्हणून पातं धारदार हवं, आणि शेवटी ठोकळ्यावर पेपर लावून घासायचं. प्लायच्या थरांच्या रेषा सरळ आणि समांतर दिसल्या की उतार सारखा झाला. ठिगळाला उलट बाजूने तोच उतार.

दोन्ही उतारांना आधी पातळ इपॉक्सी, मग सिलिका घातलेलं, श्रीखंडाइतकं. मागून आधाराची पट्टी लागते. हात पोचत नाही तिथे ती दोऱ्याने ओढून धरा, दोन तात्पुरते स्क्रू मारा, स्क्रूला मेण लावा म्हणजे नंतर निघतील. दाब हलका द्या. इपॉक्सीला फेव्हिकॉलसारखा करकचून शिकंजा नको. सगळं रेझिन पिळून निघालं की सांधा कोरडा पडतो. २४ तास हलवू नका, आणि पाण्यात घालण्याआधी आठवडा जाऊ द्या.

मोटारीच्या पत्र्यावर भरायची पॉलिएस्टर लांबी (पुट्टी) प्लायवर वापरू नका, ती पाणी पिते. न्हाणीघरातलं सिलिकॉन तर होडीच्या जवळही नको. ते लागलेल्या जागी पुढे रंग, रेझिन काहीच धरत नाही, आणि कितीही घासलं तरी त्याचा अंश राहतो.

डॅगरबोर्डची पेटी

गळती शोधायला होडी तरंगवू नका. ती सुताराच्या लाकडी घोड्यांवर सुलटी ठेवा, तळ बाहेरून कोरडा पुसा, खडू फासा, आणि आत दोन बोटं पाणी ओता. ओला खडू गडद दिसतो, म्हणजे पाणी नेमकं कुठून निघतं ते कळतं. बहुतेक वेळा पेटीच्या तळाशी, पुढच्या टोकाला. डॅगरबोर्ड खाली असताना होडी किनाऱ्याला घासली की सगळा हिसका तिथेच बसतो.

पेटीच्या आतली भिंत दिसत नाही, म्हणून राहते. लांब पट्टीला पेपर गुंडाळून घासा, काठीला बांधलेल्या फोमच्या रोलरने इपॉक्सीचे तीन हात द्या, प्रत्येक आधीचा चिकट असतानाच. मग आतून तळाशी गोलाई आणि टेप. तीन हातांनी फट अर्धा-एक मि.मी. अरुंद होते, त्यामुळे डॅगरबोर्ड पुन्हा लावून बघा. अडकत असेल तर डॅगरबोर्डचा रंग घासा, पेटी नको.

स्क्रू आणि काठ

जुने पितळी स्क्रू काढताना तुटले आणि आतून गुलाबी दिसले तर त्यातलं जस्त निघून गेलंय. शेजारचे शाबूत दिसणारेही बदला. सिलिकॉन ब्राँझ उत्तम. स्टेनलेसचा ए४ दर्जा चालतो, पण ओल्या लाकडात हवा न मिळता रुतलेलं स्टेनलेस खड्ड्या-खड्ड्यांनी गंजतं, डोकं चकचकीत असतानाच.

डोलकाठीच्या तारांच्या पट्ट्यांची जागा विशेष जपा. जुनं भोक दुप्पट व्यासाचं करा, खालून चिकटपट्टी लावा, घट्ट इपॉक्सी भरा, वाळल्यावर मूळ मापाचं भोक पाडा. स्क्रू आता लाकडाला शिवतच नाही, पाणीही नाही.

कप्प्यांची परीक्षा

सगळे सांधे झाले, रंग अजून नाही, हीच वेळ. झाकण बंद, बुचाच्या भोकातून नळी, नळीला दुसरी पाणी भरलेली पारदर्शक यू-आकाराची नळी. तोंडाने हळू फुंका, पाण्याच्या पातळीत ५ सें.मी. फरक पडेपर्यंतच. सांध्यांवर साबणाचा फेस लावा आणि बुडबुडे शोधा. सायकलचा पंप किंवा कॉम्प्रेसर मुळीच नको. १० सें.मी. पाण्याइतका दाब म्हणजे चौरस मीटरला १०० किलो. अर्ध्या चौरस मीटरच्या भिंतीवर एक माणूस उभा केल्यासारखं.

याच हिशेबाने उन्हात बंद कप्प्याचं काय होतं ते बघा. १० अंशांना बंद केलेली हवा ३५ अंशांपर्यंत तापली तर दाब सुमारे ९ टक्क्यांनी वाढायला बघतो, म्हणजे चौरस मीटरला ९०० किलो. प्रत्यक्षात भिंती फुगतात, कुठेतरी हवा निसटते, आणि दाब तितका चढत नाही; पण जी फुगते ती भिंत आणि जिथून निसटते तो सांधा तुमचाच आहे. कितीतरी सांधे वाऱ्या-लाटांत नाही, झाकणं आवळून उन्हात ठेवल्याने उघडले आहेत. किनाऱ्यावर होडी आली की चारही झाकणं आणि बुचं काढायची, हा नियम मुलांनाही शिकवा.

रंगानंतर पहिल्या उतरणीला, कमरेइतक्या शांत पाण्यात, होडी मुद्दाम आडवी करा. पाच मिनिटं एका कुशीवर, पाच दुसऱ्या. मग पाणी भरून दोन मोठी माणसं आत बसवा. काठावर आणून प्रत्येक कप्प्यातलं पाणी मोजा. पेलाभर असेल तर झाकणाचं रबरी कडं बदलून सिलिकॉन ग्रीस लावा. लिटरभर असेल तर ज्या सांध्यावर विश्वास ठेवलात तो पुन्हा उघडायचा आहे.

रंगाबद्दल इतकंच: इपॉक्सी उन्हाने पिवळं पडून भुसभुशीत होतं, त्यामुळे उघडं ठेवू नये. दोन हात प्राइमर, दोन हात पॉलियुरेथेन. वजन आठवा.

डोलकाठी, गॅफ आणि शिडं

मूळ मिररला आखूड डोलकाठी आणि तिच्यावर जवळजवळ उभी चढणारी गॅफ, म्हणजे शिडाची वरची कड धरणारी काठी, असते. कोकणातल्या होडीचं परबाण जसं दोराने वर जातं, तसंच, फक्त हे डोलकाठीला बिलगून उभं राहतं. असं करायचं कारण म्हणजे सगळ्या काठ्या होडीच्या लांबीत मावतात आणि सगळा संसार मोटारीच्या टपावर जातो. २००० नंतरच्या दशकात नियमांनी एकसंध उंच डोलकाठीही मान्य केली. म्हणून सुटी गॅफ किंवा शीड विकत घेताना ते कोणत्या रचनेचं आहे हे आधी विचारा.

लाकडी काठ्यांवर बघायचं ते चिकटवलेला सांधा आणि धातू बसवलेल्या जागा. स्क्रूभोवती काळा डाग म्हणजे व्हार्निशखाली ओल. गॅफचा डोलकाठीला मिठी मारणारा जबडा आतून झिजतो. आत चामड्याची पट्टी टाचणींनी लावा, वर्ष-दोन वर्षांनी बदला. तारेची एक जरी लड तुटून हाताला टोचली तर ती तार गेली. दुसऱ्या होडीवरची जुनी तार आणून लावू नका, तिचं वय तुम्हाला माहीत नाही.

शिडाचं कापड बहुधा टिकतं, शिवण आधी जाते, कारण धागा उन्हात वर उघडा असतो. नखाने खरवडा, धागा तुटला तर जुन्याच भोकांतून मेण लावलेल्या पॉलिएस्टर धाग्याने हाताने शिवता येतं. चार संध्याकाळचं काम.

भाग वाटून घेणं

मिरर एका मापाच्या वर्गातली असल्याने सुकाणू, डॅगरबोर्ड, काठ्या, शिडं एकीची दुसरीला चालतात. पण पेटी घरी बांधलेली असते. म्हणून डॅगरबोर्ड देता-घेताना त्याची जाडी आणि पेटीच्या फटीची रुंदी वर, मध्ये आणि खाली अशी तीन ठिकाणी मोजून कळवा. ‘मिररचा डॅगरबोर्ड आहे’ हे पुरेसं नाही. सुकाणूच्या बिजागऱ्यांत खिळ्याची जाडी आणि दोन बिजागऱ्यांमधलं अंतर सांगा. फोटो काढताना भागाशेजारी पट्टी ठेवा.

सुकाणूचं पातं किंवा जबडा चांगल्या स्थितीत हाती असेल तर हार्डबोर्डवर त्याचा साचा काढून ठेवा, क्रमांक आणि तारीख लिहून. पातं तुटलेल्या मालकाला साचा पाठवला की त्याला नवं कापता येतं, आणि तुमचं पातं तुमच्याकडेच राहतं.

दुरुस्तीपलीकडे गेलेली होडी मिळाली, आणि ती शिडांसकट नव्या शिडाच्या किमतीपेक्षा स्वस्त मिळते, तर तिच्यातून काढा: काठ्या, शिडं, सुकाणू, डॅगरबोर्ड, पितळी सामान, झाकणं, बुचांची कडी, वल्ह्यांच्या कड्या. वरच्या पृष्ठाचं प्लाय बहुधा निरोगी असतं. १९६०-७० च्या दशकांतलं ते प्लाय ठिगळाला सोन्यासारखं. मोडण्याआधी क्रमांक, टेप कोणत्या रेझिनची, कुज कुठे कुठे निघाली, हे वहीत लिहा आणि इतर मालकांना द्या. कुणाच्या होडीत पुढे काय निघणार आहे, ते तिच्याच वयाच्या मेलेल्या होडीत आधी दिसतं.

महाराष्ट्रात टाचून-टेप लावून बांधलेली कोणतीही छोटी शिडाची होडी दुरुस्त करायची असेल तर पद्धत हीच, दोन बदल करून. आयएस ७१० या भारतीय मानकाचं मरीन प्लाय पाण्याला उत्तम, पण गर्जन लाकडाचं असेल तर ओकूमेपेक्षा बरंच जड. ठिगळापुरतं चालेल, पूर्ण तळ बदलताना वजन आधी मोजा. आणि हार्डनर मंद प्रकारचाच घ्या. एप्रिलच्या दुपारी ३५ अंशांत वेगवान हार्डनर टेप भिजवून होण्याआधीच धरतो. पावसाळ्यात हवेतली ओल ओशट थर वाढवते, म्हणून जून ते सप्टेंबर फक्त सुतारकाम करा, रेझिन नाही.

ठेवताना

उलटी ठेवा, आधार दोन ठिकाणी, काठाखाली, जिथे आत आडव्या भिंती आहेत त्या रेषेत. मधोमध एकच आधार दिला तर तळ वर्षभरात बसतो. नाक शेपटीपेक्षा थोडं वर ठेवा. ताडपत्री जमिनीपर्यंत नको, खालून वारा खेळला पाहिजे. झाकणं काढून एका पिशवीत घालून होडीलाच बांधा, कारण वसंतात हरवलेली असतात ती हीच. बुचांची संख्या मोजून पिशवीवर लिहा.